बर्फवाले आणि अंगाशी धरायची डबी

बर्फवाल्यांना थंड वस्तूंबद्दल काही शिकवायला जाऊ नये. माणसानं चाळीस वर्षं बर्फाच्या कारखान्यात काढलेली. लादी कुठे टोचली की सरळ दुभंगते, भुशात किती वेळ टिकते, दुधाच्या कॅनभोवती बर्फ किती घालायचा आणि मासळीच्या पेटीत किती, सगळं त्यांना तोंडपाठ. जगातली कुठलीही वस्तू टिकवायची तर ती थंड ठेवावी, यापलीकडचं शहाणपण त्यांना ठाऊक नव्हतं, आणि कधी गरजही पडली नव्हती.

गरज पडली ती मुलाच्या आजारपणात. मुलगा सत्तावीस वर्षांचा, लिफ्ट दुरुस्त करणारा, लग्न ठरलेलं. छातीत गाठ निघाली, ती कॅन्सरची. डॉक्टर म्हणाले, बरा होण्याची आशा चांगली आहे, पण किमोचं औषध कडक. पुढे मूल होणं अवघड जाऊ शकतं. म्हणून किमो सुरू होण्याआधी वीर्य स्पर्म बँकेत गोठवून ठेवा. मुलाला चार पावलं टाकली की धाप लागायची, आणि बँक दोन चौक सोडून पलीकडे. तेव्हा असं ठरलं, की मुलानं हॉस्पिटलच्या खोलीतच नमुना द्यायचा आणि बापानं तो तासाभरात पोचवायचा. घरात दोघंच, आई जाऊन सात वर्षं झालेली. दुसरं कोण नेणार?

आता बापलेकांनी असल्या गोष्टी बोलायच्या तरी कशा? मुलानं मान खाली घालून डबी दिली, बापानं मान खाली घालून घेतली. सोबत सूचनांचा कागद होता, तो बर्फवाल्यांनी घडी करून खिशात टाकला. वाचायचं काय त्यात? शेवटी गोठवायचंच आहे ना? मग आपण आधीपासूनच गार करून नेऊ! सकाळी कारखान्यातून थर्मास भरून बर्फ आणलेलाच होता. डबी त्यात नीट बसवली, वरून आणखी चुरा दाबला, आणि स्वारी रुबाबात बँकेत हजर.

तिथल्या बाईंनी थर्मास उघडला आणि कपाळावर हात मारला. "अहो काका, बर्फात? हे अंगाशी धरून आणायचं असतं! कागदावर लिहिलंय की."

"पण तुम्ही तर गोठवताच ना?"

"आम्ही आधी त्यात औषध मिसळतो, मग हळूहळू गोठवतो. असं एकदम गारठलं की संपलंच." तरी त्यांनी तपासून पाहिलं. एकही शुक्राणू हलत नव्हता. "उद्या सकाळी पुन्हा आणा. किमो उद्याच आहे ना? मग ही शेवटची संधी."

बर्फवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. वॉर्डात पोचेपर्यंत त्यांनी खरं सांगायचं दहा वेळा ठरवलं. पण मुलानं "काय म्हणाले?" असं विचारलं, आणि यांच्या तोंडून निघालं, "त्यात जिवंत काही निघालं नाही. उद्या पुन्हा देऊन बघू."

खोटं होतं का त्यात काही? छे! शब्द न् शब्द खरा. थर्मास तेवढा गाळला. माणूस भला, पण स्वतःची चूक कबूल करायची म्हणजे यांच्या अगदी जिवावर यायचं. बायकोनं ते आयुष्यभर सोसलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा भिंतीकडे तोंड करून पडलेला. डबी टेबलावर, तशीच रिकामी.

"अरे, नऊ वाजले."

"नको बाबा. माझ्यातच काही नाही, तर नाटक कशाला? तिलाही आज सांगून टाकतो, दुसरीकडे बघ म्हणून."

ती म्हणजे होणारी बायको. बर्फवाले खुर्चीवर बसले, उठले, पुन्हा बसले.

"तुझ्यात काही नव्हतं असं नाही," ते म्हणाले. "मी मारलं ते."

"काय?"

"बर्फात घालून नेलं. थर्मासमधून."

मुलगा वळला आणि बापाकडे बघतच राहिला. "बर्फात?"

"मला वाटलं, गोठवायचंच आहे, तर..."

"बाबा! धन्य आहे तुमची!" ओरडता ओरडता त्याला ठसका लागला, ठसक्यातून हसू फुटलं, आणि मग पुन्हा राग आला. "आणि हे काल का नाही बोललात?"

"लाज वाटली."

इतकं सरळ उत्तर मुलानं बापाकडून जन्मात ऐकलं नव्हतं. त्यानं डबी उचलली. "बाहेर थांबा. आणि तो कागद वाचा आधी."

बर्फवाल्यांनी कागद दोनदा वाचला. मग डबी बनियनच्या आत काखेत धरली, वर शर्ट, त्यावर स्वेटर, आणि हात अंगाशी घट्ट दाबून निघाले. चौकात ओळखीच्या दूधवाल्यानं लांबून हात केला. यांना हात वर करायची सोय कुठली! नुसती मान हलवून पुढे झाले. बर्फवाल्यांना हल्ली शिष्टपणा आलाय, असं तो चार जणांना सांगणार हे नक्की. सांगू दे.

बाईंनी डबी हातात घेतली, "हं, उबदार आहे," म्हणाल्या आणि आत गेल्या. बर्फवाल्यांना बाकावर बसवेना. अर्ध्या तासानं दार उघडलं.

"थोडे आहेत काका. अशा आजारात कमी असतात. पण जिवंत आहेत. चार नळ्या भरून ठेवतोय. पुढे यातून मूल होऊ शकतं."

आभार मानायला त्यांनी तोंड उघडलं आणि एकदम रडूच फुटलं. बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला.

ते परतले तेव्हा मुलाला सलाईन लावून झालं होतं, औषध थेंब थेंब उतरत होतं.

"जिवंत आहेत," बर्फवाले दारातूनच म्हणाले. "चार नळ्या ठेवल्यात."

मुलानं डोळे मिटून घेतले.

"बाबा," मग तो म्हणाला, "काल मी सिस्टरना विचारून ठेवलं होतं. औषध नको म्हटलं तर घरी कधी सोडाल म्हणून."

बर्फवाले खुर्ची ओढून जवळ बसले. एक थर्मास लपवायला गेलो आणि पोरगाच हातचा जात होता! मुलाचा सुई नसलेला हात त्यांनी दोन्ही हातांत घेतला, आणि बाटली संपेपर्यंत सोडला नाही.