दसऱ्यानंतरची पींपीं

सर्व आप्तेष्ट, शेजारीपाजारी आणि हितचिंतक यांस अत्यंत जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी सात वाजता, माणिकपूर येथील आमच्या राहत्या घरी, जेवणाच्या टेबलावर, आमच्या एकुलत्या एका लॅपटॉपची दृष्टी गेली. वाचा मात्र शाबूत राहिली.

दुर्दैव म्हणायचं ते हेच. नुसता आंधळा झाला असता तर आम्ही शांतपणे शोक केला असता. पण बटण दाबलं की आतला पंखा घरघरायचा, कोपऱ्यातला हिरवा दिवा लागायचा, पडदा काळाकुळकुळीत, आणि मग सुरू: पीं, पीं, पीं, पीं. बटण दाबून धरून त्याचा गळा आवळेपर्यंत.

दोन हजार साल उलटून पाच-सहा वर्षं झाली होती. आमच्या ऑफिसने जुने लॅपटॉप विकायला काढले तेव्हा त्यातला एक मी उचलून आणला होता. वजनाला पाट्यासारखा, रंगाला कोळशासारखा. आणला मी, पण तो खरा बायकोचा. ती माणिकपूरच्याच एका मराठी शाळेत शिकवायची आणि उन्हाळ्याच्या सुट्टीपासून त्यावर एक पुस्तक लिहीत होती. चौथीच्या मुलांसाठी तोंडी हिशेबांचं. पण आगगाडी ताशी इतक्या वेगाने जाते आणि हौद इतक्या वेळात भरतो, असले हिशेब नव्हेत. सुकेळ्यांच्या गाठोड्यांचे, अबोलीच्या गजऱ्यांचे, मिठागरातल्या पाट्यांचे, बोंबील वाळत घालायच्या वलांडीवरचे. मुलांना जे रोज दिसतं त्याचे. दादरच्या एका प्रकाशकाने ते छापायचं कबूल केलं होतं. सोमवारी सकाळी फाइल हातात हवी. नाहीतर त्यांची या वर्षीची यादी भरायला दुसऱ्या एक बाई तयार बसल्या आहेत, असंही त्यांनी गोड आवाजात सांगून ठेवलं होतं. वीस वर्षं दुसऱ्यांची पुस्तकं शिकवल्यावर पहिल्यांदा एका पुस्तकावर तिचं नाव येणार होतं.

आणि त्या पुस्तकाची जगातली एकमेव प्रत त्या आंधळ्या पाट्याच्या पोटात होती.

एकमेव का, हे विचारू नका. बरं, विचारा. लॅपटॉप स्टेशनजवळच्या दुकानात नेऊन फाइल सीडीवर उतरवून आणायचं काम माझ्याकडे होतं. श्रावणात मी म्हणालो, गणपती होऊन जाऊ दे. गणपती झाल्यावर म्हणालो, पितृपक्षात कसली शुभकामं करतेस. नवरात्रात म्हणालो, आता थांबलीच आहेस तर दसऱ्याचा मुहूर्त कशाला सोडायचा? दसरा शुक्रवारी आला आणि दुकान बंद होतं.

शनिवारी सकाळी पहिल्या पींपासून दहाव्या पींपर्यंत ती फक्त माझ्याकडे बघत राहिली. वीस वर्षं चौथीच्या वर्गापुढे उभ्या राहिलेल्या बाईच्या नुसत्या बघण्यात काय असतं, ते ज्याने गृहपाठ केलेला नाही त्यालाच कळतं.

अशा वेळी माझ्यासारखा हुशार माणूस काय करतो? चौकशी समिती नेमतो.

"या टेबलावर चहा कोण पितं?" मी कडक आवाजात विचारलं.

"मी."

"सांडला असेल."

"मी कपातून पिते. तुमच्यासारखी बशीतून नाही."

"मग पाणी? घाम? तू उन्हाळ्यात टाइप करत होतीस."

"अहो, काल सकाळपर्यंत चालू होता तो! बंद करून तुमच्या हातात दिला मी, पूजेला."

हा मुद्दा मी कामकाजातून वगळला. आमच्या घरी दसऱ्याची पूजा मी करतो आणि दणक्यात करतो. स्कूटर, शिलाई मशीन, मिक्सर, तिच्या शाळेची पुस्तकं, माझी पक्कड. कुणाला वगळायचं नाही. त्या वर्षी लॅपटॉप नवा मानकरी होता. "त्याला एक फूल पुरे," असं ती स्वयंपाकघरातून म्हणालीही होती. पण पूजेने यंत्र बिघडल्याचं कुणी ऐकलं आहे का?

समितीने चहावर ठपका ठेवला आणि काम संपवलं.

मग वरच्या मजल्यावरचे काका खाली आले. तार ऑफिसातून निवृत्त झालेले. जिन्यात पींपीं ऐकून ते बनियनवरच आले आणि त्यांचे डोळे असे चमकत होते की जणू तीस वर्षांपूर्वीची कुणी ओळखीची व्यक्ती दारात उभी आहे.

"थांबा. कुणी बोलू नका. कागद द्या."

आम्ही कागद दिला. त्यांनी कान लॅपटॉपला लावला, डोळे मिटले आणि पेन्सिलने ठिपके काढायला सुरुवात केली. मी पाच वेळा बटण दाबलं, त्यांनी पाच ओळी लिहून काढल्या. बायको दारात उभी होती, आणि खरं सांगतो, तिच्याही चेहऱ्यावर क्षणभर आशा दिसली.

"काय म्हणतोय?" मी विचारलं.

काकांनी कागद लांब धरला, जवळ धरला. "तारेत एक ठिपका म्हणजे इंग्रजी ई. हा नुसता ई, ई, ई, ई म्हणतोय."

"म्हणजे?"

"म्हणजे कुणीतरी कळ दाबून धरलीय आणि सोडत नाहीये. आमच्याकडे नवीन माणूस आला की असं करायचा. त्याच्या हातावर पट्टी मारायचो."

आम्ही तिघंही हसलो. बायको थोडं कमी हसली. काका चहा पिऊन वर गेले. त्या दिवशी निदान फक्त त्यांचंच बरोबर होतं, आणि मी ते विनोद समजून चहाबरोबर पिऊन टाकलं.

दुपारी आम्ही स्टेशनजवळच्या दुकानात गेलो. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. आत एक मालक, एक स्टूल आणि फाडून उघडलेल्या पंधरा-वीस संगणकांचे सांगाडे. त्याने बटण दाबलं, पींपीं ऐकली आणि डॉक्टर जीभ बघून मान हलवतो तशी मान हलवली.

"रॅम. टेन्शन नाय घ्यायचं. हवा दमट आहे ना इकडची, रॅमवर चढतं."

त्याने लॅपटॉप उपडा केला, पोटावरचं झाकण काढलं, एक हिरवी पट्टी बाहेर ओढली आणि शाळेतल्या पोराच्या कंपासपेटीतला असावा तशा पांढऱ्या खोडरबराने तिचे सोनेरी दात घासायला लागला. घासलं, फुंकलं, बसवलं. पीं, पीं, पीं. पुन्हा काढलं, घासलं, फुंकलं. पीं, पीं, पीं. खोडरबराचा निम्मा चुरा झाला. आम्हाला वाटलं, आता घासून घासून आतलं पुस्तकही पुसलं जाणार.

"बाहेरचा मॉनिटर लावून बघू," तो म्हणाला आणि टेबलाखालून वायर ओढायला वाकला.

तेवढ्यात लोडशेडिंग.

तीन तास. त्या दुकानाच्या अंधारात आम्ही दीड तास बसलो, कारण "आज लवकर येईल" असं तो म्हणत होता. मी बाहेर जाऊन तीनदा आकाशाकडे बघून आलो. का, ते मलाही सांगता येणार नाही. शेवटी त्याने अंधारातच निकाल दिला.

"रॅम नसेल तर बोर्ड गेला. बोर्ड बदलून मिळेल, पंधरा दिवस. डिस्क मी फॉरमॅट करून देतो, एकदम नवीन."

"फॉरमॅट म्हणजे?" बायकोने विचारलं.

"सगळं साफ."

अंधारात मला फक्त लॅपटॉप ओढल्याचा आवाज आला. तिने तो त्याच्या टेबलावरून उचलून छातीशी धरला होता.

"अहो मॅडम, स्क्रू राहिले!"

"राहू देत! यातलं एक अक्षर पुसलंत तर बघा. आतली फाइल तेवढी काढून देता येईल का? सोमवारी हवीय."

"याची डिस्क छोटी असते. तिला दुसऱ्या मशीनला लावायचा जोड मुंबईहून आणावा लागेल. मंगळवारी."

मंगळवारी! घरी येताना ती रिक्षात एकदाच बोलली. "पहिल्यापासून लिहीन म्हटलं तर एका रात्रीत चाळीस पानं होतात का हो?" हा हिशेब मात्र तिने तोंडी सोडवला नाही. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. रिक्षाला खिडकी नसते, तरीही.

रविवारी सकाळी तिला एक जुनी विद्यार्थिनी आठवली. जवळच्या गास गावची. चौथीत गणितात हमखास गटांगळी खाणारी, पण वर्गातली घंटा, पंखा, मुख्याध्यापकांचा रेडिओ, जे बिघडेल ते दुरुस्त करणारी. आता सातिवलीच्या एका कारखान्यात सर्किट बोर्ड तपासायच्या कामाला होती. फोन केला तर म्हणाली, "बाई, मिस्सा आटोपली की घरीच आहे. या ना."

आम्ही स्कूटरवरून निघालो. पुढे मी, मागे ती, मध्ये चादरीत गुंडाळलेला लॅपटॉप, आणि दिव्यावर माझ्या हातची दसऱ्याची सुकलेली झेंडूची माळ.

मुलगी फुलांच्या वाडीतल्या घरात राहायची. चर्चचे कपडे बदलून ओसरीवर बसली होती. तिची आई शेजारी तांदूळ निवडत होती. मी अत्यंत शास्त्रशुद्ध पद्धतीने रोगाचा इतिहास सांगायला सुरुवात केली: चहाची शक्यता, दमट हवा, रॅम, बोर्ड.

"सर, मला जरा ऐकू द्या," ती म्हणाली. तिने बटण दाबलं. पीं, पीं, पीं.

"बोर्ड नाही गेला. एक तरी कळ दबलेली आहे. चालू होतानाच दबलेली असली की हा ओरडतो."

माझ्या डोळ्यांपुढे बनियनमधले काका उभे राहिले.

"आई, तुझं सूप दे."

"सूप?" मी विचारलं.

"यात स्क्रू हरवत नाहीत, सर. कारखान्यात ट्रे असतो, घरी सूप."

आईने निवडलेले तांदूळ परातीत ओतले आणि सूप झटकून पुढे केलं. मुलीने लॅपटॉप उघडून सुपावर उपडा धरला आणि पाठीवर अशी थाप मारली की बायको "हळू गं!" म्हणून उठलीच. सुपात स्क्रू पडले नाहीत. ते दुकानातच राहिले होते. सुपात पडला थोडा शेंगदाण्याचा कोंडा, झेंडूची एक पाकळी, आणि तांदूळ. तीन.

"आई, झटकलं नाहीस नीट."

म्हातारी दुखावली. तिने एक दाणा चिमटीत धरून उन्हात नेला, नखाने खरवडला. "ह्यो तांदूल आमचा नाय. आमचा पांढरा. ह्याला रंग हाय. लाल."

वाडीत कुठेतरी कोंबडा आरवला. मी झेंडूच्या पाकळीकडे फार बारकाईने बघत होतो.

"सर," मुलीने अगदी शाळेतल्या आवाजात विचारलं, "तुम्ही याची पूजा केली होती का?"

"थोडीशी."

"थोडीशी?" बायको म्हणाली. "तीन मुठी अक्षता! मंत्र म्हणत! ओल्या कुंकवातल्या! आणि वर फूल ठेवून झाकण दाबून बंद केलंत! आणि काल वरवर झटकून मला विचारत होतात, चहा कोण पितं?"

मुलीने सुईने एकेक कळ उचकटली. मोठ्या आडव्या कळीखाली चौथा दाणा चिकटून बसला होता. तो निघाला. बटण दाबलं. पंखा घरघरला आणि पींपीं आली नाही. पण पडदा तसाच काळा.

बायको मटकन ओसरीच्या पायरीवर बसली. "गेलं," ती म्हणाली. इतक्या हळू की मला वाटलं, त्यापेक्षा पींपीं बरी होती. मला तेव्हा तिची क्षमा मागायची होती, पण तोंडातून निघालं ते, "रॅम असेल का?"

म्हातारी मात्र अजून सूपच बघत होती. "गो, चार निघाले. मूठभर टाकून वरवर झटकले तर चारच कसे?" तांदूळ निवडण्यात जन्म गेलेली बाई. तिने चष्मा कपाळावरून खाली घेतला, लॅपटॉप स्वतःकडे फिरवला आणि बिजागरीजवळ बोट ठेवलं. तिथे पिनेच्या टोकाएवढी एक खुंटी होती. झाकण मिटलं की ती दबते आणि पडदा विझतो, हे मला नंतर कळलं. खुंटीच्या भोकात, कुंकवाने लिंपून, पाचवा दाणा बसला होता. खुंटी दोन दिवस दाबून. बिचाऱ्या यंत्राला वाटत होतं, झाकण अजून मिटलेलंच आहे.

मुलीने सुई घातली. दाणा टुणकन उडून माझ्याच मांडीवर पडला.

पडदा उजळला. आधी राखाडी, मग निळा, मग त्यावर ओळीने चिन्हं, आणि दुसऱ्या रांगेत तिची फाइल. तिने ती उघडली. सुकेळी होती, अबोली होती, बोंबील होते. शेवटच्या पानापर्यंत ती खाली गेली, मग परत वर आली. मुलीने आतून एक पेनड्राइव्ह आणून लावला, एकदा प्रत काढली, मग आणखी एकदा.

बायकोने पदराने डोळे पुसले. मी संधी साधून म्हणालो, "बघ, देवाची कृपा. शेवटी चांगलंच झालं ना?"

तिने माझ्या मांडीवरचा तो लाल दाणा उचलला, म्हातारीच्या तळहातावर ठेवला आणि ओसरीवरून पार वाडीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"तरीच! आमच्या लग्नातही याच अक्षता मूठमूठ पडल्या हो, तेव्हापासून हे अखंड वाजतायत, आणि अंधार माझ्या डोळ्यांपुढे!"