अजून थोडं

आमच्या पीटीच्या बाईंचा अंगठा मुडपून थेट मनगटाला टेकायचा. वर्गात आल्या की तो टेकवून दाखवायच्या आणि विचारायच्या, "कुणाला जमतं?" मला जमायचं. म्हणून सातवीत मी योगासनांच्या संघात गेले आणि नाशिकरोडच्या आमच्या शाळेत 'रबर' म्हणून गाजले. कमान केली की बाई कानाशी म्हणायच्या, "अजून थोडं." खरं सांगते, मला ते बक्षिसापेक्षा जास्त आवडायचं.

तिशीच्या आतच खांदे, बोटं, गुडघे कुरकुरायला लागले. कुकरचं झाकण लावताना मनगट सरकायचं. एक्स-रे मात्र स्वच्छ. सासूबाई म्हणाल्या, "कामाच्या वेळीच बरं दुखतं गं!" हळूहळू मलाही कळेना, खरंच दुखतंय की मीच नाटकं करतेय?

देवळाली कॅम्पातल्या सायबर कॅफेत शोधता शोधता एक ईमेल गट सापडला. सैल सांध्यांच्या माणसांनी दुखणं सांभाळून कसं जगायचं, याचा. चालवणारी बाई नुसती 'ताई' अशी सही करायची. तिचा नियम असा, की किती दुखलं ते एका ओळीत लिहायचं आणि काय जमलं ते सविस्तर. मी पाण्याच्या बादलीचं रडगाणं गायलं, तर उत्तर आलं, "अर्धीच भरा, दोन खेपा करा. दुखायच्या आधी थांबायचं, दुखल्यावर नाही." मालेगावच्या एका विणकरानं लिहिलं, "घरवाले म्हणतात बहाणा आहे." ताईंनी त्याच्या वडिलांना दोन पानी पत्र धाडलं. त्या रात्री मी पहिल्यांदा निवांत झोपले. कुणीतरी आमच्यावर विश्वास ठेवत होतं.

वर्षभरानं ताईंनी गटाला लिहिलं, "मी नाशिकरोडच्या शाळेत पीटी शिकवायचे. सगळ्यांत सैल मुली हेरायचे आणि त्यांना आणखी ताणायचे. माझंही अंग तसंच, मला ते कौतुकाचं वाटायचं. माझी एखादी विद्यार्थिनी इथे असेल तर तिनं खुशाल रागवावं, पण लिहावं."

मी लिहिलं नाही. जिनं ताणलं तिनंच सावरलं, मग भांडायचं कुणाशी? दोन महिने मी कॅफेची पायरी चढले नाही. चढले तेव्हा नवं पत्र होतं. बोटं चालत नाहीत, मुलीकडे इंदूरला कायमची जातेय, गट कुणी चालवेल का? खाली नाशिकरोडचा पत्ता.

चार शब्द सुनावायचे आणि परत यायचं, असं ठरवून गेले. बाईंनी दार उघडलं, मनगटाला पट्टा. "रबर!" म्हणाल्या आणि लगेच जीभ चावली. एकेक कप दोन्ही हातांनी धरून त्यांनी दोन खेपांत अर्धा-अर्धा कप चहा आणला. गटाच्या पासवर्डचा कागद टेबलावर होता. तो ना त्यांनी पुढे केला, ना मी मागितला. चहा संपला, सुनावायचे शब्द तसेच राहिले. शेवटी मी पर्स उचलली.

"अजून थोडं..." बाई म्हणाल्या आणि दचकून थांबल्या. त्यांचे डोळे भरले. पुढचा 'बस' काही त्यांच्या तोंडातून फुटेना.

मी बसले.