केबल तुटली

डबलकाका हे नाव लोकांनी त्यांच्या माघारी ठेवलं होतं, ते त्यांना ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं. खिशात दोन पेनं, बॅगेत दोन चष्मे, किल्ल्यांचे दोन जुडगे, त्यातला एक समोरच्या छापखानेवाल्याकडे. कमरेला पट्टा असायचाच, शिवाय खांद्यावरून गॅलिस. "एक तुटला तर?" हा त्यांचा जन्माचा प्रश्न. "बरं झालं, बायकोच्या बाबतीत एकीवर भागवलंत," असं काकू चारचौघांत म्हणायच्या. काका तोंड गंभीर ठेवून उत्तर द्यायचे, "तुझ्यासारखी दुसरी मिळाली नाही." हे कौतुक की तक्रार, ते काकूंना अजून उलगडलेलं नाही.

धंदा इंटरनेट पुरवण्याचा. रस्त्याला लागून तळमजल्यावर दोन खोल्या. पुढच्या खोलीत खिडकीशी काकूंचं टेबल आणि फोन; गिऱ्हाइकांची बोलणी खायची ती त्यांनी. मागच्या खोलीत लोखंडी मांडणी, तिच्यावर राउटर. मोठ्या कंपनीकडून फुटपाथखालच्या केबलमधून येणारं इंटरनेट सगळ्या मोहल्ल्याच्या घराघरांत वाटून देणारी ती पेटी. ती बंद पडली की दवाखाना, शाळा, शिंपी, सगळे एकदम बंद. म्हणून काकांनी ठरवलं, पेट्या दोन. एक दमली तर दुसरीने त्याच क्षणी काम उचलायचं, गिऱ्हाइकाला पत्तासुद्धा लागता कामा नये.

त्या घ्यायला ते गेले तेव्हा सामानाच्या दुकानातल्या बाईंनी सरळ सांगितलं होतं, "दोन घ्या, पण दोन वेगळ्या कंपन्यांच्या घ्या. एकीला जो आजार तोच दुसरीला झाला तर काय करणार?"

"अहो, म्हणजे मी दोन भाषा शिकू? दोघींची सेटिंगं वेगळी, दोघींचे नखरे वेगळे."

"शिका की. दोन चष्मे वापरता ना?"

"दोन्हींचा नंबर एकच आहे," काका म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर हसले. त्यांनी एकाच कंपनीच्या, एकाच खोक्यातून निघालेल्या दोन पेट्या घेतल्या. महागातल्या, नामांकित, त्यात कंजुषी नव्हती. एकीला ते थोरला म्हणायचे, दुसरीला धाकटा. पावत्यांवर त्यांनी छापखानेवाल्याकडून ठसठशीत छापून घेतलं: एक गेला तरी दुसरा आहे.

आता या धंद्यातली एक गोष्ट सांगितली पाहिजे. इंटरनेट बंद पडण्याची कारणं पन्नास असतात, पण गिऱ्हाइकाला सांगायचं कारण एकच असतं: केबल तुटली. सेटिंग चुकलं, केबल तुटली. प्लग निघाला, केबल तुटली. नाचता येईना अंगण वाकडं, असं कोणी म्हणत नाही, कारण अंगण जमिनीखाली असतं आणि कोणाला दिसत नाही. काका एरवी खोटं बोलणारे नव्हेत. पण हे वाक्य ते खोट्यात धरतच नसत. 'बरं आहे ना?' या प्रश्नाला आपण 'बरं आहे' म्हणतो, तसलं ते वाक्य. आजवर त्या वाक्याला कोणी माणूस चिकटलेला नव्हता, एवढंच.

एका दुपारी रस्त्यावर पाण्याच्या नळासाठी चर खोदणं चाललं होतं. मोठं पिवळं यंत्र, त्याच्यावर बसलेला मशीनवाला. चाळिशीचा, तोंडाने तुटक, पण हात असा की यंत्राच्या पंजाने त्याने विटेवरची माती तेवढी काढली असती आणि वीट जागची हलली नसती. खिडकीतून त्याचं काम बघत बसण्यात काकूंचा चहा गार व्हायचा.

मागच्या खोलीत काका थोरल्या-धाकट्याला नवं सॉफ्टवेअर घालत होते. शहाणा माणूस आधी एकीला घालतो, चार दिवस बघतो, मग दुसरीला. काकांनाही हे माहीत होतं. पण पेट्या सारख्या, मग दोनदा तेच कशाला करा, म्हणून त्यांनी एकाच दमात दोघींना घातलं. दोघी एकदम विझल्या, एकदम पेटल्या, परत विझल्या, परत पेटल्या. एक गेला आणि दुसराही गेला. जुळ्यांना एकाच वेळी ताप यावा तसं झालं.

पुढच्या खोलीत फोन वाजायला लागला. काकूंनी दारातून विचारलं, "अहो, काय सांगू?"

"सांग, केबल तुटली," काका मान वर न करता म्हणाले.

तेवढ्यात छापखानेवाला खिडकीशी आला. त्याची कुठलीशी मोठी ऑर्डर अर्ध्यावर अडकली होती. मागे दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई, शिंपी, आणखी दोघे-चौघे. छापखानेवाल्याने यंत्राकडे बोट केलं. "या खोदणाऱ्यानेच तोडली ना?"

काका दारात उभे होते. हातात स्क्रू काढायचा पेचकस, कपाळावर घाम. नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. पण नाही म्हटलं की पुढे 'मग कोणी?' आलं असतं, आणि पावतीवर तर छापलेलं होतं. काकांची मान हलली. वरून खाली. एवढंच झालं.

बाकीचं लोकांनी केलं. घोळका यंत्रापाशी गेला, आवाज चढले, कोणीतरी ठेकेदाराला बोलावलं. ठेकेदाराला भांडण मिटवायचं होतं, चौकशी करायची नव्हती. त्याने मशीनवाल्याला खाली उतरवलं, दुसऱ्याला वर बसवलं आणि याच्या हातात फावडं दिलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती काका खिडकीच्या पडद्याआडून बघत होते. मग मागच्या खोलीत जाऊन त्यांनी जुनं सॉफ्टवेअर परत घातलं. त्याच्या दोन प्रती त्यांच्याकडे होत्याच. संध्याकाळच्या आत दिवे हिरवे झाले. "जोडली," काका काकूंना म्हणाले.

इथवर काकांनी कदाचित निभावून नेलं असतं. पण काम सुटल्यावर मशीनवाला स्वतः दारात आला. चपला बाहेर काढून, टोपी हातात घेऊन.

"साहेब, माफी मागायला आलोय."

काकांना बसा म्हणायचंही सुचलं नाही.

"मला कळलंच नाही हो. पंजाला बारीक काही लागलं तरी सीटमध्ये कळतं. वडिलांनी असंच शिकवलंय, तेही मशीनवरच होते. आजवर एक नळ फुटला नाही माझ्या हातून, एक वायर तुटली नाही. आणि आज कळलंसुद्धा नाही. हात गेला बहुतेक माझा."

हीच वेळ होती. खोलीत तिघेच होते. आणि डबलकाका म्हणाले, "असू द्या. होतं असं. माणूस आहे."

त्यांनी माफ केलं! जो गुन्हा घडलाच नव्हता, तो गुन्हेगाराने निरपराध्याला माफ केला. मशीनवाल्याचे डोळे भरून आले. काकू पदराने नाक पुसत म्हणाल्या, "तुमचं मन मोठं हो." दुसऱ्या दिवशी छापखानेवाल्याने चौकात सांगितलं, डॉक्टरीणबाईंनी फोन करून कौतुक केलं. काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. प्रत्येक शाबासकी पाठीवर न पडता थोबाडीत पडत होती.

आणि मशीनवाला रोज सकाळी कामावर जाताना खिडकीशी थांबायला लागला. "साहेब, चालू आहे ना?"

"चालू आहे, चालू आहे."

"बरं." मग तो फावडं घेऊन चरात उतरायचा. केबल जिथून जाते तिथे त्याने लाल चिंध्या बांधलेल्या खुंट्या ठोकल्या होत्या, आणि त्या पट्ट्यातली माती तो फावड्यानेसुद्धा काढत नव्हता, हाताने काढत होता. काका सकाळी मुद्दाम मागच्या खोलीत काम काढून बसू लागले. पण भिंतीतून आवाज यायचाच. चालू आहे ना? खाई त्याला खवखवे.

मग काकांनी प्रायश्चित्त घेतलं, पण स्वतःला झेपेल तेवढंच. दुसऱ्या कंपनीची पेटी मागवून धाकट्याच्या जागी बसवली. दुकानातल्या बाई म्हणाल्या, "उशिरा का होईना." वरातीमागून घोडं गेलं, पण गेलं, राउटरपुरतं त्यांचं कर्ज फिटलं. माणसाचं तसंच राहिलं. मग ते ठेकेदाराला बाजूला घेऊन म्हणाले, "त्याला परत वर बसवा हो. माझी काही तक्रार नाही."

"तुमची नसेल. पण ज्याचा हात एकदा चुकला त्याला मी रस्त्यात कसा बसवू? आणि मी म्हणालो तरी तो बसायला तयार नाही. विचारा त्याला."

काकांनी विचारलं. मशीनवाला चरातूनच म्हणाला, "नको साहेब. आता भीती वाटते."

काका परत आले ते मान खाली घालून. स्वतःची अब्रू वाचवायला त्यांनी एका माणसाच्या हातातला विश्वास काढून घेतला होता, आणि तो शिफारशीने परत मिळणारा नव्हता. तो एकाच गोष्टीने परत मिळणार होता, आणि ती गोष्ट अजून त्यांच्या तोंडून निघत नव्हती.

दुपारी काकू बिलं चाळत होत्या. चाळता चाळता थांबल्या. "अहो, केबल सांधणाऱ्याचं बिल आलं नाही या वेळी. बोलावलं कोणी होतं त्याला? मी तर फोन केला नव्हता."

काका चष्मा पुसत राहिले.

केबलमधली काचेची तार केसाएवढी. ती सांधायला त्याचं खास यंत्र लागतं, त्याचाच हात लागतो. काकांनी जन्मात कधी सांधली नव्हती. काकूंना हे ठाऊक होतं. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, मग दारातून मागच्या मांडणीवरच्या नव्या पेटीकडे, मग परत नवऱ्याकडे.

"तुटलीच नव्हती," त्या म्हणाल्या.

"अगं..."

"मी सगळ्यांना फोनवर सांगितलं. दवाखान्याला, शाळेला. माझ्या तोंडाने." त्यांचा आवाज चढला नाही, हेच वाईट होतं. "आणि तो आला होता तेव्हा मी तुम्हाला मोठ्या मनाचे म्हटलं. त्याच्यादेखत."

त्यांनी बिलं मिटून ठेवली. मग खुर्ची मागे सारून उठल्या. "उद्या तो विचारायला येईल तेव्हा खिडकीत तुम्ही उभे राहा. मी नाही राहणार."

उद्यापर्यंत थांबण्याइतकं बळ काकांच्यात उरलं नव्हतं. ते तसेच बाहेर पडले. चराच्या कडेला सगळे चहाला बसले होते. ठेकेदार होता, छापखानेवाला गप्पा ठोकत उभा होता. काकांना वाटलं होतं, मशीनवाल्याला बाजूला घेऊन हळूच सांगू. पण मान हलवली होती ती चारचौघांत, मग सांगायचं बाजूला घेऊन, हे त्यांचं त्यांनाच शरमेचं वाटलं.

"केबल तुटली नव्हती," ते म्हणाले. "माझे राउटर बंद पडले होते. दोन्ही. माझ्या चुकीने. याने काही तोडलं नाही. मी खोटं बोललो."

छापखानेवाला म्हणाला, "अहो, पण तुम्हीच तर मान हलवलीत!"

"हो. मीच."

मशीनवाल्याने चहाचा पेला खाली ठेवला. "तुटली नव्हती?"

"नव्हती."

"कुठेच नाही? जरासुद्धा?"

"कुठेच नाही."

तो उठून काकांच्या समोर येऊन उभा राहिला. काकांना वाटलं, मारणार. मारलं असतं तर बरं, असंही वाटलं. तो म्हणाला, "तुम्ही मला म्हणालात, होतं असं, माणूस आहे." शब्द त्याच्या अगदी पाठ होते. काका खाली त्याच्या मातीने भरलेल्या नखांकडे बघत राहिले.

मग त्याने खिशातून फोन काढला आणि लावला. "बाबा, मी बोलतोय. नाही, नाही, बरं आहे सगळं. इथे एक जण आहेत, त्यांच्याशी बोला." आणि फोन त्याने काकांपुढे धरला.

काकांनी तो घेतला. पलीकडून म्हातारा, खणखणीत आवाज आला, "कोण बोलतंय?"

"मी नेटवाला. ज्याची केबल तुटली म्हणून तुमच्या मुलाला खाली उतरवलं, तो. तुमच्या मुलाने नाही तोडली. ती तुटलीच नव्हती. मी माझी चूक झाकायला त्याच्यावर ढकललं."

पलीकडे काहीच आवाज नाही. काकांना वाटलं, फोन कटला. मनातल्या मनात त्यांना सुटल्यासारखंही वाटलं. तेवढ्यात म्हातारा म्हणाला, "थांबा. ठेवू नका. याची आई आत आहे, ती त्या दिवसापासून धड जेवलेली नाही. तिला बोलावतो. तिला सांगा."

मशीनवाला यंत्रापाशी गेला होता. चढला नव्हता अजून, नुसता हात ठेवून पाठमोरा उभा होता. ठेकेदार, छापखानेवाला, चरातली माणसं, खिडकीत येऊन उभ्या राहिलेल्या काकू, सगळे काकांकडे बघत होते. फोनमध्ये पावलं वाजली, बांगड्या वाजल्या, आणि एक बाईचा आवाज भीत भीत म्हणाला, "हां, बोला?"

डबलकाकांनी ते फोनवर दुसऱ्यांदा सांगितलं. पहिल्यापेक्षा मोठ्याने.