थरथर थांबली तो टेक

मंगळवार, दुपार. हजर: दिग्दर्शिका रुही, कॅमेऱ्यावर समीर, नाचायला वसुधाताई आणि याद्या सांभाळायला मी. शाळेच्या बंद सभागृहात आमच्या छोट्या भयनृत्यपटाचं चित्रीकरण होतं.

वसुधाताईंनी आयुष्यभर कथक शिकवलं. आता कंपवातामुळे त्यांचा उजवा हात सतत थरथरतो. रुहीला तोच हात हवा होता. भिंतीवर त्याची सावली भुतासारखी दिसेल म्हणून. ताई हसून म्हणाल्या होत्या, "चला, याला अजून कोणी काम देतंय."

रेकॉर्ड केलेला तबला सुरू झाला, ताईंनी हात उचलला आणि थरथर थांबली. बोटं जुन्या ओळखीनं एकेक उघडत गेली. मी वेळ टिपायची विसरले. तबला थांबल्यावर हात मांडीवर आला आणि पुन्हा थरथरू लागला.

"सुंदर झालं ताई, पण भीती नाही वाटली," रुही म्हणाली.

"तुला नसेल वाटली, बाळ. मला वाटली. हा परत असा थांबेल की नाही, कोण जाणे."

गेलेलं परत येत नाही, हे माणूस हळूहळू मानून घेतो. पण ते काही मिनिटं येऊन पुन्हा गेलं, तर? एकच गोष्ट दोनदा गमवायला बळ कुठून आणायचं?

तो टेक रद्द झाला आहे. उद्या तबल्याशिवाय घ्यायचा, म्हणजे हात थरथरत राहील. ताईंना तसा फोन करायचा राहिलाय.