सरासरी एकशे चाळीस लिटर

जयवंत परुळेकरला जन्मभर कशाची ना कशाची भीती वाटत आली. बावीस वर्षं त्याने विक्रोळी ते मुलुंड पाण्याचे मीटर वाचले. खड्ड्यात वाकायचं, फडक्याने काच पुसायची, टॉर्च मारायची आणि आकडा टिपायचा. तेव्हा तो कुत्र्यांना घाबरायचा, खड्ड्यातल्या झुरळांना घाबरायचा आणि सगळ्यात जास्त साहेबांना घाबरायचा. कामाला माणूस वाईट नव्हता; पण वरून कोणी "हे काय?" असं नुसतं विचारलं तरी तो तोंडाला येईल ते सांगून मोकळा होई. अशी माणसं खोटं बोलतात ती हावरेपणाने नाही, बोलणी टाळायला.

त्या कामात एक जुना रिवाज होता. घराला कुलूप असलं किंवा मीटरवर कोणी सामान रचून ठेवलं असलं, की मागच्या महिन्यांवरून अंदाज काढून आकडा लिहायचा. त्याला 'सरासरी ठोकणं' म्हणत. पुढच्या खेपेला खरा आकडा मिळे आणि चूक आपोआप भरून निघे. त्यात कोणाला पाप वाटत नसे, आणि खरं सांगायचं तर त्याने कोणाचं काही बिघडतही नसे.

मग नवे मीटर आले. हे मीटर एकमेकांशी बोलतात. चौथ्या मजल्यावरचा मीटर आपला आकडा रेडिओने तिसऱ्यावरच्याला सांगतो, तो शेजारच्या इमारतीला, आणि असा हातोहात निरोप दिव्याच्या खांबावरल्या डबीत आणि तिथून ऑफिसात. जयवंतच्या कंपनीकडे या मीटरचं कंत्राट होतं. तिने त्याच्या हातातली टॉर्च काढून घेतली आणि त्याला पडद्यासमोर बसवलं. हिरवा ठिपका म्हणजे निरोप येतोय. करडा म्हणजे येत नाही. आणि एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या घरी दिवसभर पाणीच चाललं नाही, तर ठिपका लाल. लाल दिसला की आधी त्या घरी फोन, मग नातेवाइकांना, मग अग्निशमन दलाला.

कन्नमवार नगरातल्या एका इमारतीने चौथ्या मजल्यावर मीटरच्या कप्प्यांना लोखंडी दारं बसवली आणि तिथले चारही ठिपके करडे पडले. लोखंडाआड रेडिओचं काही चालेना. माणूस पाठवून कप्प्याबाहेर अँटेना लावायला हवी होती, पण माणूस मिळायला पंधरा दिवस. सोमवारच्या मीटिंगमध्ये तेजल मॅडम, त्याच्या मुलीच्या वयाची इंजिनियर, सगळ्यांसमोर म्हणाली, "काका, हे ग्रे का दिसतायत?" तिने अगदी साधं विचारलं होतं. जयवंतला मात्र दरदरून घाम फुटला.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. कॉम्प्युटरमध्ये हाताने आकडा भरायची सोय होती, ती त्याने शोधून काढली आणि चारही घरांना सरासरी ठोकली. रोज कोण बसणार, म्हणून एकदम रविवारपर्यंत भरून टाकली. ठिपके हिरवे झाले. त्याने चहा मागवला आणि निवांत प्याला.

गुरुवारी सकाळी अकराच्या सुमाराला फोन वाजला.

"मी नितेश सावंत, मस्कतहून. आई कालपासून फोन उचलत नाहीये. पण ॲपवर बघतोय ना, पाणी रोज चाललंय, एकशे चाळीस लिटर. म्हणजे ती ठीकच असणार, फोनच बिघडला असेल. फक्त एकदा कन्फर्म करा ना."

शेवंती काकी. चौथा मजला, एकटीच राहणारी. नवा मीटर बसवताना तो तिच्या घरी गेला होता. जयवंतने पडद्यावर तिचं नाव काढलं. सोमवार एकशे चाळीस. मंगळवार एकशे चाळीस. बुधवार एकशे चाळीस. आजचा गुरुवार, आणि पुढे शुक्रवार, शनिवार, रविवार. अजून न उजाडलेल्या दिवसांचंही पाणी काकी वापरून बसली होती. कुठल्याही घरात दोन दिवस सारखं पाणी लागत नाही, हे बावीस वर्षांत जयवंतइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. मस्कतमधल्या मुलाने मात्र त्या आकड्यावर विश्वास ठेवून काल रात्रभर झोप काढली होती.

"बघतो," एवढंच कसंबसं म्हणून जयवंतने फोन ठेवला आणि तो तेजलच्या टेबलापाशी धावला.

"मॅडम, कन्नमवार नगरला फायर ब्रिगेड पाठवा. आत्ता."

"का? डॉट तर ग्रीन आहे."

"तो मी केलाय."

तेजलने फोन उचलला. ती काय म्हणेल याची त्याला भीतीच वाटली नाही. तेवढी जागाच आत उरली नव्हती.

रिक्षात तो देवाला काहीबाही बोलत होता. लिफ्टची वाट न बघता चार मजले चढला. दार आतून बंद. बेल वाजवली, हाका मारल्या, दारावर थापा मारल्या. शेजारची गंधाली बाहेर आली.

"अहो, मला वाटलं भांडुपला बहिणीकडे गेल्या. आवाज नाही काही नाही."

"कधीपासून?"

"मंगळवारपासून असेल."

जयवंतला दाराच्या फटीला कान लावता आला, नाक लावायचं धाडस होईना. कुठला वास आला तर? तो तिथेच पायरीवर बसला. अग्निशमन दलाला यायला सोळा मिनिटं लागली. तेवढ्या वेळात त्याने काकीला शंभर वेळा मेलेलं पाहिलं.

दार फोडलं. काकी मोरीच्या उंबऱ्यावर आडवी पडली होती. पाय विचित्र वळला होता, ओठ फुटले होते. हाताशी बादलीत एक पंचा भिजत होता. तो चोखून तिने दोन दिवस काढले होते. डोळे उघडे होते आणि ते हलत होते. जयवंत तिच्या शेजारी मटकन बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

"इलंस?" ती म्हणाली. आवाज जेमतेम येत होता. "माका ठावक होता तू येतलस. मीटर बसवताना तूच सांगलं हुतंस ना, नळ नाय सोडलो तर आमका कळता म्हणान. म्हणान मी भियाक नाय." तिने त्याचा हात धरला. "मंगळवारीच येतलस असा वाटला हुता."

स्ट्रेचर वर येत होतं. गंधाली नितेशला फोन लावत होती. गप्प राहिला असता तर देवमाणूस ठरला असता, हे जयवंतला त्या क्षणीसुद्धा कळत होतं.

"काकी, माका कळाक नाय," तो म्हणाला. "मीटर आठ दिवस गप्पच हुतो. ते आकडे मीच घातलंय. बसल्या जागी."

काकीला समजायला वेळ लागला, पण समजलं. तिने त्याच्या हातातून आपला हात सोडवून घेतला, मान गंधालीकडे वळवली आणि तिच्याजवळ पाणी मागितलं.