तक्त्याची कोरी बाजू

ओरेस्ट डॅनिलचुकला डोळे तपासायचा तक्ता पाठ होता, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. त्याचा अर्थ काय होतो, हे मात्र कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

कॅनडातल्या आमच्या सस्कॅचवनच्या सपाटीवर लपायला जागा नाही. लांबून येणारी गाडी दहा मिनिटं दिसत राहते. ओरेस्टला ती दिसेनाशी झाली होती, आणि ते त्यानं लपवलं होतं.

दर वसंतात आमचा समाजसेवेचा क्लब चर्चच्या तळघरात फुकट डोळे तपासतो. एकतीस वर्षं तक्त्याशेजारी काठी घेऊन ओरेस्टच उभा. ज्याला अक्षरं दिसली नाहीत त्याला तो स्वतःच्या गाडीतून दोनशे किलोमीटरवर शहरात डॉक्टरकडे न्यायचा आणि वाटभर सांगायचा, "मोतीबिंदू म्हणजे काही नाही. वीस मिनिटं. दात काढण्यापेक्षा सोपं."

गाडी चालवणाऱ्यानंही वर्षातून एकदा तक्ता वाचायचा, असा क्लबचा नियम. वाचून घेणारी व्हर्ना, निवृत्त नर्स. त्या वर्षी ओरेस्टनं चर्चच्या ट्यूलिपच्या वाफ्यावर गाडी घातली होती आणि एका टपालपेटीला हात हलवून "कशी आहेस?" विचारलं होतं. हे दोन्ही व्हर्नाच्या कानावर आलं होतं.

तपासणीआधी पॅनकेकची न्याहारी असते. तक्त्यावर पाक उडू नये म्हणून आम्ही तो भिंतीकडे तोंड करून टांगतो. त्या दिवशी तो परत फिरवायचं काम माझं होतं आणि मी चौथा पॅनकेक खात होतो.

ओरेस्टनं एका डोळ्यावर लाकडी डाव धरला आणि आठही ओळी वाचल्या. कोऱ्या पांढऱ्या पुठ्ठ्यावरून. खणखणीत आवाजात.

तळघरातले काटेचमचे थांबले. व्हर्ना म्हणाली, "आता दुसरा डोळा."

त्यानं पुन्हा आठ ओळी वाचल्या.

"छान. आता पुढची बाजू वाचू या?"

ओरेस्ट तक्त्यापर्यंत चालत गेला, पुठ्ठ्यावरून बोटं फिरवली आणि खुर्चीत बसला.

"कधीपासून?" व्हर्नानं विचारलं.

"दोन हिवाळे झाले."

"आणि माणसांना घेऊन हायवेवर जात होतास. अरे गाढवा."

"गाडी सोडली तर मी काय करू, व्हर्ना? घरी बसून भिंत बघू? तीही धड दिसत नाही."

"ऑपरेशन करून घे. वीस मिनिटं, तूच सांगतोस."

"ती दुसऱ्याच्या डोळ्याची."

व्हर्नानं हात पुढे केला. मग त्यानं किल्ल्या दिल्या.

शहरात आम्हीच त्याला नेलं. व्हर्नानं वाटभर त्याचंच भाषण त्याला ऐकवलं, दाताच्या उपमेसकट. तो मागच्या सीटवर रोझरीची जपमाळ धरून बसला होता आणि मधून मधून तिला वेग कमी करायला सांगत होता.

दोन्ही डोळे झाल्यावर डॉक्टरांनी गाडी चालवायला परवानगी दिली. व्हर्नाला ती पुरेशी नव्हती. तिनं त्याला तळघरात तक्त्यासमोर उभं केलं. या वेळी तक्ता मी दोनदा तपासला होता.

सात ओळी त्यानं सावकाश वाचल्या. आठवीपाशी थांबला.

"ही येत नाही."

"पाठ आहे ना तुला?"

"पाठ आहे," ओरेस्ट म्हणाला. "दिसत नाही."

व्हर्नानं एप्रनच्या खिशातून किल्ल्या काढून त्याच्या हातावर ठेवल्या.