तुंगाक्काचं न्हाणं

शेवटचं धड बोलणं जिन्यात झालं. जुन्या हुबळीतल्या आमच्या गल्लीत चार घरं सोडून एक बाळंतीण होती. नुकतीच पाचवी झालेल्या तिच्या बाळाला न्हाऊ घालून तुंगाक्का घरी आली आणि पहिल्याच पायरीवर बसली. तुंगाक्का म्हणजे माझी थोरली नणंद. समोर मी तिला अहोजाहो करायची, लिहिताना मात्र ती 'ती'च होते आहे, इलाज नाही. "काय झालं अक्का?" म्हटलं, तर म्हणाली, "काही नाही गं. पाय जड झालाय… जरा बसते." रात्री फणफणून ताप भरला. वैद्यांनी काढा दिला. पायावरचं पांघरूण मात्र तिने कुणाला काढू दिलं नाही. त्या तापातच ती गेली.

आमच्या गल्लीत तिच्या हातचं पाणी न घेता वाढलेलं मूल सापडणार नाही. पाटावर बसून पाय लांब करायची, पहिला तांब्या स्वतःच्या पायांवर ओतायची आणि मग बाळाला पिंढऱ्यांवर पालथं घ्यायची. खसाखसा चोळणाऱ्या बायकांचा तिला भारी राग. "पोर आहे की तांब्याचा हंडा?" म्हणायची. साय आणि डाळीचं पीठ, तेही बोटांच्या पेरांनी. मानेच्या वळ्या, काखा, जांघा टिपून घ्यायच्या त्या जुन्या, धुऊन धुऊन विरलेल्या लुगड्याने. नवं कापड बाळाच्या अंगाला लावलं की ती मोठ्या मोठ्या बायकांना फाडून खायची. बाळ रडलं की एकच मंत्र, "आतु, आतु… झालं हं, झालं." तेच 'झालं' कानडीत सुरू करून मराठीत संपवायची.

तिची स्वतःची मुलगी बारसंही न बघता गेली. अक्काचं सासर अळणावरचं, लाकडाच्या वखारीवाले. पाचवीला सासूने मुलीच्या पोटावर बिब्बा घातला. आपल्याकडे घालतातच. बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरायचा, तेल सुटलं की ठिपका द्यायचा, म्हणजे बाळाला बाधा होत नाही. तो बिब्बा उतला. त्या कोवळ्या कातडीवर फोड आले, ते चिघळले… पुढचं लिहवत नाही. नवऱ्याने वर्षभरात दुसरी केली आणि अक्का माहेरी, म्हणजे आमच्या घरी, आली ती कायमची.

एवढं होऊनही घरात बिब्बा थांबला नाही, याचा मला आजही संताप येतो. माझ्या सासूबाईंना, म्हणजे अक्काच्या सख्ख्या आईला, आम्ही सगळे अव्वा म्हणतो. अव्वांचं म्हणणं, बिब्बा वाईट नव्हता, घालणारा हात वाईट होता. माझी मुलगी झाली तेव्हा पाचवीला त्यांनी ताटलीत बिब्बा, सुई आणि दिवा काढून ठेवला. मी रडकुंडीला आले. अक्का म्हणाली, "मी घालते. दार लोटा, पोरीला वारा लागेल." न्हाणीच्या दाराआडून चर्र आवाज आला, करपल्याचा वास आला, मुलगीही रडली. बाहेर आणली तेव्हा पोटावर काळा ठिपका होता. बारशापर्यंत तो पुसटही झाला. अव्वा कौतुकाने म्हणाल्या, "आमच्या तुंगाचा हात हलका!" पुढे गल्लीत ज्याच्या त्याच्या पाचवीला अक्कालाच बोलावणं. एकदा मी तिला विचारलं होतं, तुमचा यावर विश्वास आहे का हो? ती म्हणाली, "सटवाईपुढे रिकाम्या हाताने जाऊ नये गं. मला भीती वाटते."

अक्काला शेवटचं न्हाऊ घालायला अव्वा, मी आणि माझी धाकटी जाऊ अशा तिघीच होतो. जावेला दिवस गेलेले, म्हणून मी तिला पाणी तापलं का बघायला धाडलं. ओलं लुगडं सोडवलं आणि माझा हात थांबला. दोन्ही मांड्यांवर, गुडघ्याच्या वर, काळे गोल डाग. जुने, सुकलेले, एकाला लागून एक. मोजायची माझी छाती झाली नाही. उजव्या मांडीवरचा शेवटचा मात्र ताजा होता. उतलेला, फुटलेला, जांघेपर्यंत पाय लाल-काळा पडलेला. न्हाणीच्या कोनाड्यात ती काजळाची डबी का ठेवायची, ते मला तेव्हा कळलं. पोरांच्या पोटावर काजळ, आणि बिब्बा हिच्या अंगावर! अगं, भिंतीला लावायचास, दगडाला लावायचास… पण नाही. तिची भीती खरी होती. कुणाच्या तरी कातडीवर तो पडायलाच हवा, असं तिला वाटत होतं.

अव्वांनी एका डागावर बोट ठेवलं आणि मला विचारलं, "हा कुणाचा?" त्यातला एक माझ्या लेकीचा होता, एवढंच मला ठाऊक होतं.

लोक म्हणतात, अमक्याने कामात बिब्बा घातला. ते ऐकलं की हल्ली मी तिथून उठते.

गेल्या आठवड्यात जाऊ बाळंत झाली, मुलगा झाला. पाचवीला सकाळी बघते तर अव्वांच्या हातात ताटली. बिब्बा, सुई, दिवा. "आता कोण घालणार?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "कुणी नाही. त्याच्याही अंगावर नाही, माझ्याही नाही." त्या रागावतील असं वाटलं होतं. त्या ताटली मांडीवर घेऊन न्हाणीच्या उंबऱ्यावर बसल्या.

मी दार उघडंच ठेवलं. अक्काच्या पाटावर बसले, पाय लांब केले, पहिला तांब्या स्वतःच्या पायांवर ओतला. बाळाला पालथं घेतलं तसं ते किंचाळून रडायला लागलं. मी दुसरा तांब्या भरला.

उंबऱ्यावरून अव्वा म्हणाल्या, "आतु, आतु… झालं हं, झालं."